जलाशयाची राखण आणि काठावरचे आपण
(शेतकी विभागाकडून)

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खतांचे हप्ते आणि हुमणी यांविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या बांधाला लागूनच आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या मोटारी उजनीच्या फुगवट्यावर बसलेल्या आहेत. ज्या पाण्यावर आपला फड उभा राहतो, त्याच पाण्यावर दरवर्षी हजारो पक्षी उतरतात. त्यांची राखण कोणी करायची? वनखात्याने, असे उत्तर आपण चटकन देतो आणि मोकळे होतो. हे उत्तर अपुरे कसे आहे, ते या लेखात मांडावयाचे आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

एका टोपलीची गोष्ट

नोकरीला लागून मला फार वर्षे झाली नव्हती. फुगवट्याच्या काठच्या एका फडात हुमणी लागली होती. मी फोरेट हे दाणेदार औषध सुचवले. मात्रा सांगितली, पण एक गोष्ट सांगायची राहिली. दाणे मातीआड झाकले पाहिजेत आणि लगेच मोकाट पाणी देता कामा नये, हे काही मी बोललो नाही. सभासदाने दाणे वरच फेकले आणि रात्रीच्या विजेवर पाणी सोडले. पाणी फडातून निघून खालच्या सखलात साचले. गांडुळे आणि किडे मरून वर आले, आणि सकाळी पक्षी त्यांवर तुटून पडले.

दुपारी एक म्हातारे मच्छीमार गट ऑफिसात आले. सगळा काठ त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी टोपली माझ्या टेबलापाशी ठेवली. आत सतरा बगळे, चार शराटी आणि एक मोठा चित्रबलाक होता.

तात्या म्हणाले, "साहेब, आमच्या जाळ्यात पाणकावळा गुतला तर आम्ही जाळं कापून सोडतो. जाळं पैशाचं असतं बरं का. तुमच्या एका पिशवीनं अख्खा थवा झोपला."

मी म्हणालो, "तात्या, चूक झाली. पण तुम्ही आधी का नाही सांगितलं, की त्या सखलात पक्षी बसतात?"

त्यावर ते एवढेच बोलले, "आम्हाला कोणी इचारलं व्हतं का?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. शेतकी पदविकेच्या अभ्यासात किडीचे नाव होते, औषधाचे होते, पण काठावरच्या माणसाला विचारावे असा धडा नव्हता. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशभर बंदी आलेली आहे. तरीही तात्यांचा प्रश्न अजून जागच्या जागीच आहे.

पाणी उतरते तेव्हा काय होते

भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. या जलाशयाला आपण यशवंतसागर म्हणतो. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी असून त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. फुगवटा सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या गावांना भिडतो. धरणासाठी गावेच्या गावे उठली हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ अजूनही वर डोके काढते.

पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो, तेव्हा पक्षी त्या मानाने कमी दिसतात. हिवाळा सरता-सरता कालव्यांना आणि नदीला पाणी सुटते, पातळी उतरते आणि काठाने गाळाचे पट्टे उघडे पडतात. हा गाळ म्हणजे पक्ष्यांचे ताट होय. रोहित पक्षी, म्हणजे आपण ज्याला अग्निपंख किंवा फ्लेमिंगो म्हणतो तो, खोल पाण्यात चरत नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून, मान खाली घालून, चोच उलटी करून तो चिखलपाणी गाळतो आणि त्यातले शेवाळ व बारीक जीव खातो. म्हणूनच पाऊसकाळ चांगला झाला आणि पाणी उशिरापर्यंत भरलेले राहिले, की तो उशिरा येतो.

पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडून येतो. चक्रवाक उत्तरेकडून येतो. चित्रबलाक आपल्याच मुलखातला. इंदापूर तालुक्यात भादलवाडीच्या तळ्यात बाभळींवर आणि खुद्द इंदापूर गावातल्या जुन्या झाडांवर त्याची वीण होते. नदी सुरय हा पांढुरका, पिवळ्या चोचीचा पक्षी उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर वाळूतच अंडी घालतो. घरटे म्हणावे असे काहीच नसते, नुसता एक खळगा. गुरे, कुत्री आणि फोटो काढायला उतरलेली हौशी माणसे तिथून चालत गेली, की त्या वर्षाची वीण संपली म्हणून समजा. जागतिक यादीत हा पक्षी आता संकटाच्या वाटेवरचा म्हणून नोंदला गेला आहे.

आता गंमत बघा. ज्या गाळावर पक्षी जेवतात, त्याच गाळावर आपली गाळपेर असते. जलसंपदा खात्याकडून एका हंगामापुरती घेतलेली ती जमीन. पाणी उतरेल तसतसा हरभरा, गहू, मका, चारा खाली-खाली सरकत जातो. त्याच काठावर मच्छीमाराची होडी लागते, मेंढपाळाचा कळप उतरतो आणि तोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या पडतात. एकाच ताटात इतके हात आहेत. त्यातला एकच हात धरून राखण होईल का?

नुसत्या बंदीने काय झाले : भरतपूर

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव हे पक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध ठिकाण. तेही माणसाने बांध घालून, पाणी अडवून केलेले. 1982 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि आजूबाजूच्या गावांची गुरे-म्हशी आत चारण्यास बंदी आली. गावकऱ्यांशी नीट बोलणे झाले नव्हते, पर्यायी चाराही नव्हता. लोक चिडले, संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि त्यात गावकऱ्यांचे जीव गेले.

बरे, एवढे होऊन पक्ष्यांचे भले झाले म्हणावे, तर तसेही नाही. म्हशी बंद झाल्या आणि एक पाणगवत बेसुमार माजले. उघडे पाणी झाकले गेले. बदके आणि इतर पाणपक्षी यांना पोहायला-चरायला जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी तेथे 1980 ते 1990 असा दीर्घ अभ्यास केला. म्हशींचे चरणे त्या पाणथळीला उपयोगी पडत होते, असेच त्यातून पुढे आले. म्हणजे ज्याला शत्रू समजून बाहेर काढले, तो नकळत राखणदाराचे काम करीत होता.

त्याच भरतपुरात पुढे सायकल-रिक्षावाल्यांना पक्ष्यांची माहिती देऊन वाटाडे म्हणून तयार करण्यात आले. ते आज पाहुण्यांना पक्षी ओळखून दाखवतात आणि त्यावर त्यांचे घर चालते. पक्षी नाही तर रिक्षा नाही, हे त्यांना भाषण देऊन सांगावे लागत नाही.

गुन्हेगारच राखणदार झाले : पेरियार

दुसरे उदाहरण केरळचे. पेरियार नदीवर 1895 साली धरण झाले आणि डोंगरात मोठा जलाशय तयार झाला. त्याभोवतीचे जंगल 1978 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तेथे रानदालचिनीची साल चोरून काढणाऱ्यांच्या टोळ्या होत्या. त्यांना जंगलाची प्रत्येक वाट ठाऊक. वनरक्षक एका वाटेने गेला, की हे दुसरीने निघत. त्यांच्यावर खटले होते, पण खटल्याने पोट भरत नाही, म्हणून चोरीही थांबत नव्हती.

1996 पासून तेथे लोकांना बरोबर घेऊन काम करण्याची योजना सुरू झाली. वनखात्याने या साल काढणाऱ्यांशी बोलणे केले. चोरी सोडायची, आणि त्या बदल्यात पाहुण्यांना रानवाटांनी फिरवून आणण्याचे काम, त्याची मिळकत आणि गस्तीत जागा घ्यायची, असा व्यवहार ठरला. चोरवाटा माहीत असलेली माणसेच त्या वाटांवर राखणीला उभी राहिली. मिळकतीतला वाटा समितीच्या सामाईक निधीत जातो, एकट्याच्या खिशात नाही. पुढे 2002 पासून तेथील बायकांनी 'वसंतसेना' नावाने गट करून, मोबदला न घेता, जंगलात गस्त घालायला सुरुवात केली.

यात ध्यानात घेण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. ज्याला जागेची माहिती आहे त्यालाच काम दिले. कामाला मिळकत जोडली. आणि मिळकतीचा हिशोब सर्वांसमोर ठेवला. आपण सहकारातले लोक आहोत. आपल्याला यात नवीन काय आहे?

आपल्या दारातले भिगवण

दूर कशाला, भिगवणकडेच पाहा. कुंभारगाव, डिकसळ या बाजूच्या मच्छीमार तरुणांनी वडिलांच्या होड्यांतून पाहुण्यांना पक्षी दाखवायला सुरुवात केली. पुण्या-मुंबईची मंडळी हंगामात पहाटे येऊन काठावर उभी राहतात. हे तरुण रोहिताच्या थव्याजवळ इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलतात. किती अंतरावर थांबले म्हणजे पक्षी उडत नाही, ते त्यांना पुस्तकाविना कळते. पक्ष्यांची मराठी, इंग्रजी नावे त्यांच्या तोंडी आहेत. घरच्या बाया पाहुण्यांना मासे-भाकरीचे जेवण करून घालतात. ज्या घरात पूर्वी फक्त जाळ्यावर भागत होते, तिथे हंगामात दुसरी मिळकत आली.

साहजिकच पक्ष्याला दगड मारणारा दिसला तर आधी हेच तरुण ओरडतात. बारीक आसाच्या जाळ्यांनी, ज्याला वडाप म्हणतात, माशांची पिल्ले ओढून नेणाऱ्यांविरुद्ध बोलणारेही मच्छीमारांतलेच आहेत. कारण पिल्लू गेले तर उद्याचा मासा गेला, आणि मासा गेला तर पक्षीही गेला.

पण चित्र सगळेच गोड नाही, आणि ते तसे रंगवणे बरोबर नाही.

तक्रार खरी आहे

मागच्या हंगामात एका गाळपेरवाल्या सभासदाने मला अडवून विचारले, "साहेब, हंस बघायचे पैसे होडीवाल्याला, आणि हंसानं खाल्लेला हरभरा माझा. हा कुठला न्याय?"

न्याय नाहीच. पट्टकदंब हंस आणि करकोचे कोवळ्या गव्हात, हरभऱ्यात थव्याने उतरतात. फायदा एका घरात आणि तोटा दुसऱ्या घरात, अशी वाटणी राहिली तर राखण टिकणार नाही. एखाद्या रात्री कोणीतरी रागाने विष टाकील, आणि त्या विषाने हंसाबरोबर मासाही मरेल, गुरेही दगावतील. मग गावात वैर उभे राहील ते वेगळेच.

यावर माझी सूचना अशी. काठच्या गावाने दर होडीफेरीमागे ठरावीक रक्कम बाजूला काढून सामाईक निधी करावा. पक्ष्यांनी ज्याचे नुकसान केले, त्याच्या शेतावर होडीवाल्यांचा एक, गाळपेरवाल्यांचा एक आणि ग्रामपंचायतीचा एक, अशा तिघांनी जाऊन पाहणी करावी आणि निधीतून भरपाई द्यावी. रक्कम थोडी असेल, पण "तुझे नुकसान आम्ही पाहिले" एवढे तरी त्याला कळेल. पेरियारचा निधी जमला तर आपला का जमू नये? बिगर परताव्याच्या ठेवी आणि निरनिराळ्या कपाती यांचा हिशोब सर्वसाधारण सभेत विचारणारी आपण माणसे, हा हिशोब नक्की ठेवू शकतो.

कायद्यात गावाला जागा आहे

पुष्कळांना भीती वाटते की पक्ष्यांचे नाव घेतले, की अभयारण्य होईल आणि पाणी, गाळपेर, मासेमारी बंद पडेल. ही भीती समजण्यासारखी आहे. म्हणून दोन गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली : वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्यात 2002 साली दुरुस्ती होऊन 'संवर्धन राखीव' आणि 'समुदाय राखीव' हे दोन नवे प्रकार आले. संवर्धन राखीव हे सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून होते. त्याच्या समितीत, ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ते येते त्या प्रत्येकीचा प्रतिनिधी असतो. समुदाय राखीव हे लोकांनी आपणहून खाजगी किंवा सामाईक जमीन राखावयाची ठरवली तर होते. म्हणजे अभयारण्य हा एकच मार्ग नाही.

दुसरी : जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. गावातल्या झाडा-पाखरांची, माशांची आणि त्याविषयीच्या माहितीची लोक जैवविविधता नोंदवही तिने लोकांकडून लिहून घ्यावयाची असते. आपल्या गावची वही मागून बघा. तिच्यात मच्छीमाराने सांगितलेले काही आहे का, की कोणीतरी ऑफिसात बसून भरलेली आहे, ते पहिल्या पानावर कळते.

ऊस बागाईतदाराने काय करावे

आता आपल्या स्वतःच्या बांधाचे बोलू. पुढील गोष्टींनी खर्च वाढत नाही, उलट काही ठिकाणी वाचतो.

1. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बाभूळ, कडुनिंब यांवर जमतात. सर्वांनी मिळून दोन-तीन आठवडे ते गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. एकट्याने करून उपयोग नाही, शेजाऱ्याने न केल्यास त्याचे आपल्याकडे येतात. लागणीच्या वेळी शेणखतातून मेटारायझियम ही बुरशी द्यावी. नांगरट दिवसा करावी. नांगरामागून बगळे, साळुंक्या, कावळे फिरतात ते हुमणीच्या अळ्या वेचण्यासाठीच. तो फुकटचा मजूर आहे.

2. बंदी आलेले औषध कोणाकडे जुने शिल्लक असेल तर ते वापरू नये. काठापासूनच्या पहिल्या पट्ट्यात दाणेदार औषध द्यायची वेळ आलीच, तर आधी गटाच्या ओव्हरसिअरला बोलवावे.

3. फवारणीचा पंप, औषधाचा डबा किंवा खताची गोणी जलाशयात धुऊ नये. त्याच पाण्यात गुरे पितात आणि टोळ्यांच्या बाया पाणी भरतात.

4. पाचट पेटवू नये. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते, ते सरीत दाबून कुजवावे. काठच्या फडाची आग लव्हाळ्यात आणि पाणकणसात शिरली, की त्यातली घरटी जळतात.

5. युरिया एकदम न टाकता हप्त्याने आणि मातीआड द्यावा. वाहून गेलेला युरिया जलाशयात जाऊन शेवाळ आणि जलपर्णीला पोसतो. शहरांचे सांडपाणी वरून येतेच, त्यात आपली भर नको.

6. तोडणीच्या टोळ्या परमुलखातून येतात. कुठे वीण आहे, काय करू नये, हे त्यांना कोणी सांगतच नाही. करार करतानाच मुकादमाला सांगावे आणि कोप्या सुरयांच्या बेटांपासून व पक्षी बसतात त्या गाळपट्ट्यांपासून दूर पाडाव्यात. कुत्री बांधून ठेवावीत.

7. मार्च ते मे या काळात वीण असलेल्या बेटांवर गुरे, मेंढ्या आणि पाहुणे उतरवू नयेत. कोणते बेट, हे मच्छीमारांना विचारून ठरवावे. आपण अंदाजाने ठरवू नये.

शेवटचे सांगणे

टोपलीच्या प्रसंगानंतर मी एक नियम केला. काठच्या गावात पीकसंरक्षणाची बैठक असली की तात्यांना बोलवायचे. पहिल्या बैठकीला काही सभासद कुरकुरले, "उसाच्या मिटिंगला कोळी-भोई कशाला?" तात्या कोपऱ्यात बसले, एक शब्द बोलले नाहीत. बैठक संपताना उठून म्हणाले, "ह्या वळणावर अन् त्या वढ्याच्या तोंडाला औषध टाकू नका, तिथं पाणी थांबतंय." ज्या सखलाबद्दल मी आधी विचारावयास हवे होते, ते हेच. त्या वर्षापासून त्या ओढ्याच्या तोंडाला मेलेला पक्षी मला दिसलेला नाही. आता तात्या थकले आहेत. त्यांचा नातू हंगामात होडी चालवतो आणि बैठकीला तोच येतो.

तरी काठच्या सर्व गटांतील सभासदांना विनंती, की आपल्या गावच्या पुढील गट बैठकीला एक मच्छीमार, एक गाळपेरवाला, एक मेंढपाळ आणि गावातील दोन भगिनी यांना आवर्जून घेऊन यावे. फुगवट्याचा नकाशा शेतकी विभागाकडून आणला जाईल. पाणी कुठे थांबते, पक्षी कुठे बसतात आणि वीण कुठे होते, हे त्यांनी आपल्या हाताने त्यावर दाखवावे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपली नावे चिटबॉयकडे किंवा गट ऑफिसात द्यावीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी